अळणी म्हणायची पद्धत

ओनोफ्रे फेर्रांदिसला आपल्या जिभेचा भारी गर्व होता, आणि ती जीभ फेब्रुवारीतल्या एका सर्दीत गेली. म्हणजे तोंडात होती, बोलायला तर पहिल्यापेक्षा जास्तच होती, फक्त चव लागेनाशी झाली. सर्दी आठवड्याभरात गेली आणि जाताना चवही घेऊन गेली. सकाळची कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. चीज म्हणजे साबण. आणि ज्याने जन्मभर संत्र्यांचा ट्रक हाकला त्याच्या तोंडात संत्रं म्हणजे ओला कापूस. देवाला विनोदाची आवड आहे हे ओनोफ्रे ऐकून होता, पण देव इतका वात्रट असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर मुकाट्याने डॉक्टरकडे गेला असता. ओनोफ्रे गेला नाही. कारण डॉक्टरकडची नर्स ही बेकरीवालीची बहीण. बेकरीवालीला कळलं म्हणजे गावाला कळलं, आणि गावाला कळलं म्हणजे गास्पारला कळलं. गास्पार हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आणि गेली तीसेक वर्षं ओनोफ्रेच्या पळीवर डोळा ठेवून बसलेला माणूस.

पळी म्हणजे रविवारची पळी. आमच्या वालेन्सियाकडे आठवडाभर घरातल्या चुलीशी बाई झिजते आणि त्याचं कुणी नाव काढत नाही. पण रविवारी अंगणात लाकडं पेटवून, परातीएवढ्या पसरट लोखंडी कढईत पाएया, म्हणजे मांस आणि शेंगा घातलेला केशरी भात, करायची ती मात्र पुरुषाने. मग तो पुरुष असा काही मिरवतो की जणू तांदूळ त्यानेच शोधून काढला. ओनोफ्रे हा त्या मिरवणाऱ्यांचा राजा. गावाबाहेर त्याची संत्र्यांची छोटी बाग, बागेत दोन खोल्यांचं घर, घरापुढे द्राक्षीच्या मांडवाखाली चूल. दर रविवारी सगळं घराणं तिथे जमायचं आणि ओनोफ्रे पळी हातात घेऊन उभा राहायचा. पुढे चार पावलं कुणी आलं की "मागे हो" म्हणून ओरडायचा.

त्याला सल्ला दिलेला चालत नसे. एकदा गावच्या पाद्रीबुवांना जेवायला बोलावलं होतं. बिचारे "ओनोफ्रे, रश्शाला मीठ जरा..." एवढंच म्हणाले. "फादर, तुम्ही पापं चाखा, रस्सा मी चाखतो," असं म्हणून याने त्यांना गप्प केलं. पाद्रीबुवा पुन्हा कधी जेवायला आले नाहीत. ओनोफ्रेला तेव्हा वाटलं होतं, काय फर्मास बोललो आपण! आता तो प्रसंग आठवला की त्याला आपलंच थोबाड फोडावंसं वाटे.

यातून घरात एक पद्धत पडून गेली होती. तांदूळ घालायच्या आधी ओनोफ्रे पळीभर रस्सा समोर धरायचा आणि विचारायचा, "काय?" मग जो चाखेल त्याने म्हणायचं, "अळणी आहे." मीठ बरोबर असलं तरी अळणी, जास्त असलं तरी अळणी. "छान" म्हटलं तर हा दिवसभर छाती काढून फिरायचा, तेवढं सुख त्याला कशाला द्या? ओनोफ्रे त्यावर म्हणायचा, "तुझी जीभ बैलाची आहे," आणि मिठाचा कणही न घालता तांदूळ पेरायचा. मग जेवायला बसल्यावर दुसरा भाग. तिथे स्वयंपाक करणाऱ्याने पहिल्या घासानंतर स्वतःच कुरकुरायचं, "आज जरा अळणी झालंय." ते ऐकून सगळ्यांनी "छे छे, काय सुरेख झालंय" म्हणून गलका करायचा. गावातल्या प्रत्येक घरात हे असंच चालतं. नवा माणूस पहिल्यांदा चक्रावतो, मग शिकतो.

चव गेल्यापासूनचे रविवार ओनोफ्रेने मुठीवर काढले होते. इतक्या पाण्याला इतक्या मुठी मीठ, हे त्याच्या हाताला पाठ होतं. पळी तोंडाला लावायची, डोळे मिटायचे, कपाळाला आठी घालायची आणि मान हलवायची. हे डोळे मिटणं त्याला इतकं झकास जमू लागलं की आपण नाटकात जायला हवं होतं असं त्याला वाटे. वाह रे ओनोफ्रेराव, तो स्वतःला म्हणायचा, चव नाही, वास नाही, पण रुबाब कसा शाबूत!

मेमधल्या त्या रविवारी मात्र मूठ फसली. त्या दिवशी लेक लिओनोर आणि जावई सेसार दूर उत्तरेतल्या बुर्गोसहून आले होते. गास्पार तर होताच. तो सकाळीच येऊन मांडवाखाली खुर्ची टाकून बसला आणि चुलीत लाकडं सारणाऱ्या ओनोफ्रेला म्हणाला, "दाजी, एक बातमी आहे. मी गॅसची शेगडी घेतली. तीन कड्यांची. पाएयासाठीच."

"गॅसवर पाएया?" ओनोफ्रे वळला. "गॅसवर पाय शेक, पाएया नको करूस."

"जग पुढे गेलं, दाजी. धूर नाही, डोळे चुरचुरणं नाही. मी तर म्हणतो, पुढच्या रविवारपासून सगळे माझ्याकडे या. तुमचंही वय झालं."

"वय तुझ्या शेगडीचं झालंय!" ओनोफ्रे म्हणाला. हे वाक्य निरर्थक आहे हे त्याचं त्यालाही कळलं. पण आत कुठेतरी खरी भीती वाटली. हा माणूस वाट बघत होता. एक रविवार बिघडला की घराणं उठून गास्पारच्या अंगणात जाणार आणि ओनोफ्रे तिथे कोपऱ्यात बसून सॅलडची वाटी धरणार. ट्रक गेला, पोरगी बुर्गोसला गेली, हाती उरली ती ही पळी. ती गेली की ओनोफ्रे म्हणजे काय? टीव्हीसमोर पेंगणारा एक टकला माणूस.

शेगडीवरून वाद रंगला. गॅसची ज्योत सारखी असते म्हणून गास्पार सांगत होता, आणि संत्र्याच्या लाकडाच्या धुराशिवाय पाएया म्हणजे दवाखान्यातला भात असं ओनोफ्रे ओरडून सांगत होता. कोंबडी आणि सशाचे तुकडे परतून झाले होते, शेंगा आणि मोठे पांढरे पावटे पडले होते, टोमॅटो, लाल मिरचीची पूड, केशर, आमच्याकडे घालतात त्या गोगलगायी, सगळं पडलं होतं, पाणी आणि मुठीने मोजलेलं मीठही पडलं होतं. वारा सुटला, लाकडं भडकली, आणि भांडणाच्या नादात चुलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ओनोफ्रेने वळून पाहिलं तेव्हा रस्सा आटून कढईच्या कानांच्या खिळ्यांच्या, म्हणजे पाण्याच्या खुणेच्या, पार खाली गेला होता.

त्याने घाईने घागरीतलं पाणी ओतलं. किती ओतलं, देव जाणे. मग त्याच्या लक्षात आलं की आता मुठीचा हिशोब पार मोडला. किती आटलं, किती घातलं, मीठ कमी पडलं की जास्त झालं, हे सांगणारी एकच गोष्ट जगात असते, आणि ती फेब्रुवारीपासून रजेवर होती.

त्याने पळी बुडवली, फुंकली, तोंडाला लावली, डोळे मिटले. गरम पाणी. फक्त गरम पाणी. त्याने पुन्हा चाखलं, जरा जास्त आवाज करत. आवाजाने चव येत नाही हे त्याला माहीत होतं, पण बुडता माणूस काय काय करतो. आता एकच उपाय होता, कुणाला तरी चाखायला लावायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. सोपं होतं. तीस वर्षं त्याने ते अशक्य करून ठेवलं नसतं तर फारच सोपं होतं.

"सेसार, इकडे ये," त्याने जावयाला हाक मारली. सेसार म्हणजे देवमाणूस. लग्नानंतर पहिल्या रविवारी त्याने पाएया खायला ताट मागितलं होतं, त्याला लोक अजून हसत होते, आणि तेव्हापासून तो या अंगणात चोरासारखा वावरायचा. "चाख बघू," ओनोफ्रे म्हणाला.

"मी?" सेसारने आजूबाजूला पाहिलं.

"तू नाहीतर काय हा मांडव? चाख."

सेसारने चाखलं. त्याच्या तोंडावर परीक्षेला बसलेल्या पोराची कळा आली. "तुम्ही म्हणाल तसंच आहे, बाबा," तो म्हणाला.

"मी काय म्हणतो ते मला माहीत आहे! तू काय म्हणतोस?"

"मीही तेच म्हणतो," सेसार म्हणाला आणि मागे सरकला. ओनोफ्रेने मनात कपाळावर हात मारला. जावयाला एवढा धाक कुणी घातला? आपणच. शाब्बास!

मग त्याने पळी गास्पारपुढे धरली. अगदी सहज, नेहमीसारखी, भुवई उडवून. "काय?"

गास्पारने खुर्चीतून न उठताच सुरकन ओढलं, ओठ चाटले आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "अळणी."

ओनोफ्रे त्याच्याकडे बघत राहिला. पद्धत म्हणून म्हणाला की खरंच? गास्पारच्या तोंडावर तीस वर्षांत वेगळं काही दिसलं नव्हतं, आजही दिसलं नाही. तेवढ्यात लिओनोर घरातून चमचे घेऊन आली. ओनोफ्रेला हायसं वाटलं. पोरगी शहाणी होती, सरळ होती, लहानपणापासून खोटं बोलायची नाही.

"लिओनोर, जरा चाखतेस का गं?"

लिओनोरने हातातले चमचे टेबलावर ठेवले आणि बापाकडे निरखून पाहिलं. मग पळी घेतली. तिने खरंच सावकाश चाखलं, जिभेवर घोळवलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि गेलं. "अळणी आहे, बाबा," ती म्हणाली. "फार अळणी आहे."

"तुझी जीभ बैलाची आहे," ओनोफ्रे म्हणाला, कारण ते म्हणावंच लागतं. लिओनोर पाठ फिरवून चमचे मांडायला गेली.

दोन साक्षीदार. एक म्हणतो अळणी, दुसरी म्हणते फार अळणी. कोर्टातसुद्धा माणूस याहून कमी पुराव्यावर आत जातो. पण सगळ्यांच्या देखत मीठ घालायचं म्हणजे ओनोफ्रेने दुसऱ्याचं ऐकलं असं होणार, आणि मग पुढची दहा वर्षं गास्पार ते उगाळणार. म्हणून तो थांबला. गास्पार बाटली उघडायला आत गेला, सेसार त्याच्या मागे गेला, लिओनोर टेबलाशी वाकली, आणि ओनोफ्रेने कढईवर अंगाचा आडोसा करून एक मूठ मीठ टाकलं. ती अळणीसाठी. मग आणखी एक टाकली. ती 'फार'साठी. साठ वर्षांचा गडी स्वतःच्या अंगणात स्वतःच्या कढईत स्वतःचं मीठ चोरून घालतोय, त्याच्या मनात आलं, आणि त्याला हसूही आलं. मग त्याने तांदूळ पेरले.

तांदूळ पडला की पळी खुंटीला. आमच्याकडे पाएया कुणी ढवळत नाही, ढवळणारा एक तर परका असतो किंवा वेडा. आता जे झालं ते झालं. ओनोफ्रे आगीकडे बघत बसला, लाकडं मागे ओढली, शेवटी तळाला कुरकुर वाजू लागली तेव्हा कान लावून ऐकली. कान अजून चांगले होते. तळाची खरपूस पापुद्री कधी धरली हे त्याला आवाजावरून कळलं. रोझमेरीची काडी वर टाकून त्याने कढई उतरवली आणि थोडा वेळ फडक्याखाली मुरवली.

विसेंता सॅलड घेऊन बाहेर आली. ओनोफ्रेची बायको, बोलायला कमी, बघायला जास्त. कढई टेबलाच्या मधोमध आली. पाचजण भोवती बसले, प्रत्येकाच्या हातात आपापला लाकडी चमचा. पाएया कढईतच खायची आणि लाकडानेच खायची. धातूचा चमचा लोखंडावर खरवडतो आणि भाताची मजा घालवतो. आणि ज्याने त्याने आपल्या पुढ्यातली फाक खायची, कडेपासून आत, शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. सेसारसुद्धा आता हे शिकला होता.

"चला," ओनोफ्रे म्हणाला. पाच चमचे आत गेले आणि पाच तोंडांत गेले.

सगळे गप्प झाले. झाडीतल्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. जमली! ओनोफ्रेच्या मनात आलं. पाएया जमली की असंच होतं, माणसं बोलायची थांबतात. त्याचा जीव इतका भांड्यात पडला की त्याने दणादण खायला सुरुवात केली. चव नव्हती, पण दाणा सुटा आहे हे दातांना कळत होतं, आणि तळाची पापुद्री दाढेखाली कुरकुरत होती. शिवाय यजमान ताव मारतोय हे दिसलं की पाहुण्यालाही जोर येतो. गास्पारकडे न बघता, मजेत, तो खात राहिला.

मग पद्धतीप्रमाणे तो खुर्चीत मागे रेलला, तोंड पुसलं आणि जरा ओशाळं हसून म्हणाला, "आज जरा अळणी झालंय."

कुणी गलका केला नाही. गास्पारला ठसका लागला, तोही साधा नाही, पाठीत गुद्दे घालावे लागले असा. सेसारने पाण्याचा पेला संपवला आणि दुसरा भरला.

"अळणीच झालंय, नाही का?" ओनोफ्रे जरा दुखावून म्हणाला. निदान जावयाने तरी बोलावं की नाही? घरात काही रीत आहे की नाही?

"अ... अप्रतिम," सेसार म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फारच... छान." आणि त्याने तिसरा पेला भरला. विसेंताने आपला चमचा कढईच्या काठावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"बाबा," लिओनोर हलकेच म्हणाली, "कढईकडे बघ."

ओनोफ्रेने पाहिलं. चौघांच्या पुढ्यात कडेला एकेक चमच्याएवढा खड्डा होता, बाकी भात जसाच्या तसा. आणि त्याच्या स्वतःच्या पुढ्यात? काठापासून जवळजवळ मध्यापर्यंत लोखंड लखलखत होतं. खरवडून, पुसून, चाटून स्वच्छ. एवढी साफ फाक त्याने जन्मात खाल्ली नव्हती.

"समुद्र आहे हा," गास्पार घसा खाकरत म्हणाला. "दाजी, एका चमच्यात माझे ओठ सुकले. तुम्ही हे अख्खं खाल्लंत?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. कढई सगळ्यांसमोर होती. ओनोफ्रेने चमचा खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "मला चव लागत नाही," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून. सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. काहीच लागत नाही. वासही येत नाही." आणि एवढं बोलून त्याला रडू फुटलं. त्याची त्यालाच लाज वाटली. एवढा थोरला बाप्या, भाताच्या कढईपुढे मुसमुसतोय.

गास्पार हळूच म्हणाला, "पण मग मीठ इतकं कसं पडलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून!"

"आम्ही? आम्ही कधी सांगितलं?"

"अळणी म्हणालास ना तू? ही म्हणाली फार अळणी. मी घातलं मीठ. चोरून घातलं."

गास्पारचं तोंड उघडंच राहिलं. "दाजी," तो म्हणाला, "तीस वर्षं मी अळणी म्हणतोय. पाएया खारट झाली तरी अळणी म्हणतोय. तीस वर्षांत तुम्ही माझं एकदा तरी ऐकलंत का?"

"आज ऐकलं."

"आजच ऐकायचं होतं?" गास्पार किंचाळला. आधी सेसार हसला, मग जीभ चावून गप्प बसला, मग पुन्हा हसला. ओनोफ्रेलाही डोळे पुसता पुसता हसू आलं. काय ते टायमिंग! जन्मात एकदा नम्र झालो आणि पाच माणसांचं जेवण मातीत घातलं.

लिओनोर मात्र हसत नव्हती. "मीठ बरोबर होतं," ती म्हणाली. "मी चाखलं तेव्हा अगदी नेमकं होतं. त्याहून चांगला रस्सा तू कधी केला नसशील."

"मग अळणी का म्हणालीस?"

"रागाने." ती टेबलाकडे बघत बोलली. "मी दहा वर्षांची असताना तू मला एकदा असाच रस्सा दिला होतास. मी खरं सांगितलं, 'छान झालंय, बाबा, फक्त केशर थोडं जास्त आहे.' तू म्हणालास, 'पोरींनी चमचे मांडावेत.' त्यानंतर आजपर्यंत मी चमचे मांडतेय. आज तू एकदम गोड आवाजात विचारलंस, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, नेहमीसारखं उडवूनच लावणार आहे, मग मीही नेहमीसारखंच बोलते. 'फार' माझ्या पदरचं होतं."

ओनोफ्रेला ते आठवत नव्हतं. पण आपण असं बोललो असू यात त्याला तीळभर शंका नव्हती, कारण वाक्य त्याच्याच थाटाचं होतं. त्याला आतून वाईट वाटलं, चव गेल्याचं वाटलं नव्हतं इतकं. तो उठला, खुंटीवरची पळी काढली आणि गास्पारच्या पुढे ठेवली. "घे. पुढच्या रविवारपासून तुझ्याकडे. शेगडी आहे, जीभ आहे, वयही कमी आहे."

गास्पारने पळीकडे साप बघावा तसं पाहिलं. "नको."

"अरे, तीस वर्षं तुला हीच हवी होती ना?"

"हवी होती. म्हणून तर शेगडी घेतली." गास्पारने मान खाजवली. "गेला महिनाभर घरी करून बघतोय. एकदा कच्ची राहिली, एकदा खीर झाली, एकदा करपली. बायको म्हणाली, तुला खोड काढता येते, पाएया नाही येत. खरंय तिचं. दाजी, तुम्ही नाही केलीत तर मी नावं कुणाला ठेवू?"

"मग कुणी करायची?" सेसारने विचारलं, आणि आपण प्रश्न विचारला याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

लिओनोरने हात लांब करून पळी उचलली. "करायची बाबांनीच. लाकडं, पाणी, तांदूळ सगळं तुझं," ती बापाला म्हणाली. "चाखायची मी. महिन्यातून एकदाच येते मी, बाकीच्या रविवारी बटाटे भाजून खा. पण मी असेन तेव्हा मी काय म्हणते ते करायचं. भांड वाटल्यास, पण करायचं."

"आणि तू खरं बोलशील?"

"तू ऐकणार असशील तर बोलेन."

ओनोफ्रेने तोंड उघडलं. काहीतरी झणझणीत त्याच्या जिभेवर आलं होतं, ती जीभ त्या कामात अजून पटाईत होती. त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "बरं." गास्पारने टाळी वाजवली. हा शब्द या अंगणात पहिल्यांदाच ऐकला म्हणाला.

या सगळ्या गडबडीत विसेंता केव्हा आत गेली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती बाहेर आली ती तळलेल्या अंड्यांचं ताट घेऊन, काखेत पावाची लादी. "खा," ती म्हणाली. "उपाशी काय बसलात?" भुकेली माणसं अंड्यांवर तुटून पडली. विसेंता नवऱ्याशेजारी बसली आणि पाव कापू लागली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "मी वेळ घेऊन ठेवलीय."

"उद्याची? आज रविवार आहे. कधी घेतलीस?"

"शुक्रवारी."

ओनोफ्रेचा हात थांबला. "तुला माहीत होतं?"

"मार्चपासून." ती पाव कापतच होती. "त्या दिवशी माझी मसूर लागली होती. मी बागेला पाणी सोडायला गेले आणि विसरले. तळाला कोळसा झाला होता, कुत्र्याला घालायची लाज वाटली असती. दुसरं काही नव्हतं म्हणून वाढली. तू चमचाभर तोंडात घातलीस आणि म्हणालास, 'वा, विसेंता! काय मसूर झालीये!'" तिने कापलेला तुकडा बाजूला ठेवला. "छत्तीस वर्षं रोज दोन वेळा रांधतेय. पहिल्यांदा म्हणालास. मला तिथेच कळलं की माणूस आजारी आहे."

गास्पार चघळायचा थांबला. ओनोफ्रेला कुठे बघावं कळेना. कुणाला संशय येऊ नये म्हणून तो महिनोन्महिने प्रत्येक ताटावर "वा" म्हणत होता. आपण किती हुशारीने सगळं झाकलंय याचा त्याला अभिमान होता. काय हे डोकं, ओनोफ्रेराव.

"मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"बोलणार होते. त्याच रात्री बोलणार होते." विसेंताने सुरी पुसली. "पण दुसऱ्या दिवशी सूप केलं, त्यालाही वा म्हणालास. मग माशाला म्हणालास. खोटं आहे हे मला कळत होतं, मी काय वेडी आहे? तरी म्हटलं, अजून चार दिवस ऐकून घेऊ. चार दिवसांचे अडीच महिने झाले. चूक झाली माझी, डॉक्टरकडे आधीच न्यायला हवं होतं."

"चूक तुझी नाही गं," ओनोफ्रे म्हणाला.

त्याच्या पुढ्यात एक अंडं होतं, कडा लालसर कुरकुरीत, मधे पिवळा बलक. त्याने पावाने बलक फोडला, घास तोंडात घातला. सगळे त्याच्याकडे बघत होते. 'वा' अगदी ओठांवर आलं होतं, सवयीने. आता ते म्हणता येणार नव्हतं, आणि म्हणण्याजोगं दुसरं काही त्याच्या तोंडात नव्हतं. त्याने पावाचा एक तुकडा बलकात बुडवला आणि बायकोपुढे धरला.

"तूच सांग," तो म्हणाला. "कसं झालंय?"

विसेंताने तुकडा घेतला, खाल्ला, जरा वेळ विचार केला.

"छान झालंय," ती म्हणाली.